सहा अंडी, मोकळ्या कोंबड्यांची

रकाना १. नमुन्याचा प्रकार: सहा अंडी, मोकळ्या कोंबड्यांची.

मोकळ्या म्हणजे पिंजऱ्यात न ठेवलेल्या. दिवसभर परसात उकरणाऱ्या, माती टोचणाऱ्या, गांडुळं गिळणाऱ्या. झेलेवो गावात अशा कोंबड्या एकाच घरी उरल्या होत्या, स्तामेना आजीकडे. नऊ. बाकीच्यांनी एक तर कोंबड्या सोडल्या होत्या, नाही तर जग. गावातल्या दर दुसऱ्या फाटकावर मेलेल्या माणसाचा फोटो छापलेला कागद डकवलेला असे. मरणानंतरच्या चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. कागदावर कागद चढत, आणि कोपरे सोडून वाऱ्यावर फडफडत.

रुमेना बोझिलोवा जिल्ह्याच्या पर्यावरण कार्यालयात नमुने गोळा करायची. पाण्याचे, मातीचे, हवेचे. अकरा वर्षं झाली होती. झेलेवोच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खोबणीत, भट्टी होती. जुन्या विजेच्या तारा वितळवून ती तांबं काढायची. तारांवरचं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन तयार होतं. त्याला रंग नाही, वास नाही. ते मातीवर बसतं, मातीतून कोंबडीत जातं, कोंबडीतून अंड्याच्या बलकात.

भट्टीच्या धुराड्याची तपासणी वर्षातून दोनदा होई, पंधरा दिवस आधी पत्र देऊन. त्या दिवशी भट्टीत अशा लख्ख सोललेल्या तारा पडत की धुराड्यातून निघणारी हवा बाळंतिणीच्या खोलीत सोडावी. अकरा वर्षं रुमेना ही हवा मोजून हात हलवत परत येत होती. मग तिला कोंबडी सुचली. कोंबडीला पत्र जात नाही. ती रोज टोचते.

गेल्या ऑक्टोबरात रुमेनाने स्वतः घरट्यात हात घालून सहा अंडी काढली. पेटी सील केली, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पाठवली. निकाल आला ६.३. मर्यादा अडीचची. हे आकडे ग्रॅमाच्या लाख-कोटीव्या भागांतले, पण कायद्याला तेवढे पुरतात. नियम असा होता: लागोपाठ दोन नमुने मर्यादेबाहेर गेले तर परवान्याचं नूतनीकरण होत नाही. एकच गेला तर तो योगायोग.

भट्टीचा परवाना जुलैत संपत होता. दुसरा नमुना एप्रिलात घ्यायचा होता.


रकाना ४. नमुना कोणी, कसा घेतला: रुमेना बोझिलोवा. स्वतः, घरट्यातून, पूर्वसूचना न देता.

यातलं नाव तेवढं खरं.

तिने आदल्या दिवशी फोन केला होता. ऑक्टोबरात ती न कळवता गेली, तेव्हा स्तामेना आजीच्या घरात कॉफीची पूड संपलेली, आदल्या दिवसाचा पाव, आणि दारात सरकारी बाई. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "स्तामेनाच्या दारातून माणूस कोरड्या तोंडाने गेला, असं म्हणतील गं लोक!" ते रुमेनाच्या मनाला लागून राहिलं. नियम लिहिणारे राजधानीत, सोफियात, बसतात, त्यांना कोणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं नसतं.

तो ईस्टरच्या आठवड्यातला मंगळवार. पाऊस असा की डोंगर दिसेना. स्वयंपाकघरात व्हिनेगरचा भपकारा होता. गुरुवारी सगळं गाव अंडी रंगवणार, रंगात व्हिनेगर घालणार, त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक घराला तोच वास. मेजावर मुरंबा, पाण्याचा ग्लास, उकळून वर आलेली कॉफी. आणि बाजूला एका वाडग्यात, गवतावर ठेवलेली सहा अंडी.

"ये पोरी, ये. बूट राहू दे. नको, काढच. ह्या सपाता घाल, कोरड्या आहेत."

"आजी, मी आधी खुराड्यात जाऊन येते."

"खुराडं काय पळून जातंय? घोट्यापर्यंत चिखल आहे तिथे. मी सकाळीच काढून ठेवलीत, ती बघ."

"मी माझ्या हातांनी काढायची असतात."

"का? माझ्या हातांना काय झालंय? तीन पोरं काढली ह्या हातांनी, दोन माझी आणि एक जावेचं. सरकारला अंडीसुद्धा चालत नाहीत?"

"तसं नाही हो, आजी. आजचीच आहेत ना? तुमच्याच कोंबड्यांची?"

"नाही, माझ्या इलियाने घातलीत."

इलिया म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोघी हसल्या. हसता हसता रुमेनाने मुरंब्याचा चमचा तोंडात घातला. कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा, वर्षातून एकदाच करायचा, पाहुण्यासाठी राखायचा. तो तोंडात असताना माणसाला, तुम्ही खोटं बोलताय का, असं विचारता येत नाही.

चार अंडी मोठी होती, दोन लहान. तिने 'आकार: मिश्र' असं लिहिलं. सील लावलं. सही केली.


रकाना ९. निकाल: २.३. मर्यादेत.

"अभिनंदन, बाई," पेन्चेव्ह साहेब म्हणाले.

जून उजाडला होता. पेन्चेव्ह विभागाचे प्रमुख. वाईट माणूस नव्हता. सही करण्याआधी कागद दोनदा वाचायचा, आणि दोनदा वाचूनही सही करायचा.

"साहेब, हे होऊच शकत नाही. ऑक्टोबरात सहा आणि एप्रिलात दोन?"

"हिवाळ्यात जमिनीवर बर्फ असतो. कोंबड्या माती कमी टोचतात."

"फेब्रुवारीत बर्फ गेला होता."

"मग कोंबड्यांना विचारा. बाई, आकडा आवडला नाही म्हणून तो खोटा होत नाही. ऑक्टोबरात तुम्हाला आवडला होता, तेव्हा भट्टीवाले हेच म्हणत होते. आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा तिनेच त्यांना हे वाक्य ऐकवलं होतं, भर बैठकीत, मोठ्या तोऱ्यात.

त्याच आठवड्यात गावच्या पंचायतीच्या फळ्यावर शिक्क्याचा कागद लागला: झेलेवो येथील घरगुती अंडी खाण्यास योग्य आहेत.


रकाना ११. कोंबड्यांच्या मालकाची सही, निकाल मिळाल्याबद्दल: स्तामेना

इथे आडनाव नाही. पेन मध्येच उचललं गेलं. ते असं झालं.

जूनचा शेवटचा आठवडा. या वेळी रुमेनाने कळवलं नव्हतं, तरी स्तामेना आजी खुशीत होती. पडवीत बसून चेरीच्या बिया काढत होती, कोपरापर्यंत लाल.

"आलीस? बघ, झाले की नाही पास!"

"पास म्हणजे?"

"म्हणजे काय? ऑक्टोबरात मला नापास केलंत. गावभर झालं. स्तामेनाची अंडी सरकारने फेकली. माझ्या तोंडावर नाही बोलत कोणी, पण त्या पेत्रानाने माझ्याकडून अंडी घ्यायची बंद केली. चाळीस वर्षांची शेजारीण! मी रोज खुराडं झाडते, पोरी. माझ्या आईने कधी झाडलं नाही तेवढं झाडते."

"आजी, मी तेव्हाच सांगितलं होतं. दोष तुमचा नाही. कोंबड्यांचाही नाही. भट्टीचा आहे."

"हो, सांगितलंस. पण कागदावर नाव कोणाचं होतं? भट्टीचं?"

कागदावर नाव मालकाचं असतं. रकाना तीन.

"म्हणून या खेपेला मीच जरा डोकं चालवलं." आजीने बी बोटाने उडवली. "माझ्या कोंबड्यांची टरफलं पातळ झालीत अलीकडे. गेल्या वर्षी ईस्टरला अंड्यावर अंडं आपटून टकरी लावल्या, तर माझं अंडं पहिल्याच टकरीला पचकलं. व्याह्यांसमोर. सरकारच्या माणसाला असलं देतात का? पाहुण्याला घरातलं चांगलं द्यायचं असतं. दोन बरी निघाली, ती ठेवली. बाकीची चार दुकानातून आणली."

रुमेनाने सहीचा कागद मेजावर ठेवला होता, त्यावर आजीने 'स्तामेना' लिहिलं होतं. आता रुमेनाने तो हळूच ओढून घेतला.

"दुकानातल्या अंड्यावर लाल शिक्का असतो," ती म्हणाली.

"असतो की. व्हिनेगरने पुसला. अगं, ईस्टरच्या आधी कोण पुसत नाही? शिक्क्यावर रंग बसतो कुठे!"

आणि ती हसली. चांगल्या खोडीबद्दल माणूस हसतं तशी. तिच्या लेखी ही फसवणूक नव्हतीच. फाटका टेबलक्लॉथ काढून पाहुण्यासाठी चांगला अंथरणं ही काय फसवणूक?

रुमेनाने मनात हिशेब मांडला. मांडायचा नव्हता, पण अकरा वर्षांची सवय. दोन अंडी सहा पूर्णांक तीनची. चार अंडी दुकानातली, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची, ज्यांनी जन्मात माती पाहिली नाही. त्यांचं जवळपास काहीच नाही, प्रत्येकी शून्य पूर्णांक तीन धरा. बेरीज करा, सहाने भागा.

दोन पूर्णांक तीन.

प्रयोगशाळेची काही चूक नव्हती. तिने अगदी चोख मोजलं होतं.

"आजी," तिने विचारलं, "मग तुमच्या कोंबड्यांची अंडी कुठे जातात?"

"आता? योआनाला. नात माझी. सहावा लागलाय तिला." आजीचा आवाज मऊ झाला. "दर शनिवारी बसवाल्याकडे देते, वीस वीस. ऑक्टोबरपासून एक दिलं नव्हतं हां. तू सांगितलंस ना, म्हणून सगळी पुरत होते, माझ्या तोंडातसुद्धा घातलं नाही. पण तुमचा कागद आला, खायला योग्य म्हणून. म्हटलं, चला."

"अहो, पण ती चार तर दुकानातली होती! तुम्हाला माहीत होतं!"

"दोन माझी होती ना त्यात?" आजीने तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू समोरची बाई शिकलेली असून मंद आहे. "माझी दोन वाईट असती तर कागदाने सांगितलं नसतं? एक नासकं अंडं घातलं तर सगळं धिरडं वास मारतं. मग?"


रकाना नाही.

पडवीच्या मागे, खुराड्याशी उभं राहून केलेला फोन. रुमेना आणि पेन्चेव्ह.

"चार दुकानातली?"

"हो साहेब."

"तुम्ही 'स्वतः, घरट्यातून' असं लिहिलंय."

"हो."

"असं का लिहिलंत?"

"पाऊस होता. साहेब, नमुना रद्द करा. मी आत्ता नवा घेते. खुराड्यापाशीच उभी आहे."

"जर्मनीहून निकाल यायला दोन महिने. सुनावणी नऊ तारखेला आहे. आणि जरा विचार करा. एप्रिलचा रद्द केला, कारण तुम्ही न घेतलेला नमुना घेतला म्हणून लिहिलंत. मग ऑक्टोबरचा?"

"ऑक्टोबरात मी खरोखर घरट्यातून घेतली! या हातांनी!"

"एप्रिलातही तुम्ही हेच लिहिलंय, बाई. त्यांचा वकील दुसरं काही बोलणारच नाही. अकरा वर्षांच्या तुमच्या सगळ्या सह्या मेजावर पसरेल. उलट आत्ता गप्प राहिलात, तर परवाना मिळेल, तो तर मिळणारच, पण सहा पूर्णांक तीन फाइलीत राहतंय. अट घालता येते: पुढच्या वसंतात पुन्हा अंडी तपासायची. तेव्हा नीट घ्या. चिखलात उतरून घ्या."

"आणि तोवर त्यांची नात?"

"म्हातारीला तोंडी सांगा, पाठवू नका म्हणून. तोंडी सांगायला कोण अडवतंय?"

फोन संपला. एक कोंबडी रुमेनाच्या बुटाची नाडी टोचत होती. तिला वाटली असेल किडा.


रकाना ११, पुढे चालू.

ती पडवीत आली आणि सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत. योआनाला अंडी पाठवू नका. ती चांगली नाहीत. ऑक्टोबरात होती तशीच आहेत.

स्तामेना आजीने चेरीचं पातेलं बाजूला ठेवलं. हात पुसले. तिचा चेहरा उतरला नाही, बंद झाला.

"कागदावर तर योग्य लिहिलंय."

"कागद चुकीचा आहे."

"शिक्का आहे त्यावर."

"आजी, तुम्ही दुकानातली चार मिसळलीत म्हणून आकडा खाली आला. माझी चूक आहे. मी बघायला हवं होतं."

"मग लिहून दे."

"काय?"

"हेच. लिहून दे. मी तोंडाने सांगितलं तर योआना म्हणेल, आजी, आठवड्यापूर्वी चांगली होती, आता वाईट? आणि तिचा नवरा तिथेच आहे, भट्टीवर. ऑक्टोबरातच बोलला तो, त्या सरकारी बाईने भट्टीवर डूख धरलाय, म्हणून तुझ्या म्हाताऱ्या आजीला वापरते. त्याच्यासमोर काय धरू मी? माझ्याकडे एकच कागद आहे, आणि त्यावर खा असं लिहिलंय."

"मी योआनाशी फोनवर बोलते."

"बोल. तो शेजारीच बसलेला असेल. पोरी, गेल्या नऊ महिन्यांत तू माझ्या दारात येऊन एकदा म्हणालीस वाईट, मग तुमचा कागद म्हणाला चांगली, आता म्हणतेस वाईट. मी कोणाचं ऐकायचं? लिहून देणाऱ्याचं ऐकेन. जो लिहून देत नाही, तो उद्या नाही म्हणायला मोकळा."

रुमेनाने पेन काढलं. कोरा कागद नव्हता. निकालाच्याच कागदाची मागची बाजू होती.

लिहिलं तर हा कागद शनिवारच्या बसने योआनाकडे जाईल, योआनाकडून तिच्या नवऱ्याकडे, सोमवारी भट्टीवर, मंगळवारी वकिलाकडे. हे तिला नळातून पाणी कुठे जातं हे दिसावं तसं दिसत होतं. तेच तिचं काम होतं आयुष्यभर, काय कुठून निघून कुठे पोचतं ते बघणं. अकरा वर्षांत हाती लागलेला एकच खरा आकडा या कागदाने मरणार होता. आणि न लिहिलं तर शनिवारी वीस अंडी जाणार होती.

पुढच्या वसंतात योआनाचं मूल सहा महिन्यांचं असेल.

तिने लिहिलं: 'एप्रिलमधला नमुना मी नियमाप्रमाणे घेतला नाही. त्यात दुकानातली अंडी मिसळलेली होती. निकाल खरा धरू नये. या घरची अंडी कोणीही, विशेषतः गर्भवती स्त्रीने, खाऊ नयेत.' खाली नाव, हुद्दा, तारीख.

आजीने कागद हातभर लांब धरून वाचला. ओठ हलत होते.

"हे लिहिल्याने तुला काही होईल का?" तिने विचारलं.

"होईल."

आजी चेरी बांधून देऊ लागली. रुमेनाने नको म्हटलं, आणि त्या घरातून नको म्हणून बाहेर पडलेली ती पहिलीच पाहुणी असावी.


निर्णय: (हा भाग कार्यालयाने भरावा.)

नऊ जुलैला सुनावणी झाली. वकिलाकडे कागदाची प्रत होती. त्याने ती वाचलीसुद्धा नाही, नुसती समितीपुढे सरकवली. दोन्ही नमुने रद्द. झेलेवो येथे वैध नमुना उपलब्ध नाही. वैध नमुना नाही म्हणून अटही नाही. तपासणीच्या यादीतून गाव वगळलं.

पेन्चेव्ह साहेबांनी निर्णय दोनदा वाचला.

रुमेनाला नमुन्यांच्या कामावरून काढून आवक-जावक टेबलावर बसवलं. तिथे दिवसभर दुसऱ्यांचे कागद येतात, त्यांना नंबर द्यायचा असतो. ऑगस्टच्या मध्यात तिथल्या फोनवर एक बाई बोलली.

"तुम्हीच का त्या अंड्यांच्या?"

"हो."

"मी योआना. स्तामेना आजीची नात." पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला. "ती अंडी मी बंद केली. कागद आला त्याच दिवशी. आमचे हे म्हणाले, वेडी आहेस, पण मी केली."

"बरं केलंत."

"आजीने कोंबड्या कापल्या. सगळ्या. एका दिवसात. खाल्ल्या नाहीत, पुरल्या. एक विचारायचं होतं. जे आधी पोटात गेलंय ते निघून जायला किती दिवस लागतात?"

हा आकडा रुमेनाला पाठ होता. परीक्षेत विचारतात. तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वर्षं लागतात," ती म्हणाली. "सात एक वर्षांत अर्धं जातं."

"दिवस नाही?"

"नाही. पण तुम्ही थोडीच खाल्लीत, योआना. डॉक्टरांना सगळं सांगा, काही लपवू नका. आणि ऐका, तुमच्या यांचे कामावरचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. त्यांना भट्टीवरच अंघोळ करून यायला सांगा."

"अंघोळ?" योआना हसल्यासारखं बोलली. "ते दमून येतात हो, तसेच पलंगावर पडतात. परवाना मिळाल्यापासून दोन पाळ्या चालू झाल्यात."